सोनीचे आईबाप दसऱ्यानंतर कुठं जातात?

ढाणकी,
२६ ऑगस्ट २०२५

कोकिळामावशी,

माझा जय भीम, आणि तुझा जय सेवालाल मी इथूनच घेऊन टाकते. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाईलची अक्षरं दिसत नाहीत, आणि मेसेज तुमच्या शेजारच्या गोपालला वाचायला दिला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बाभुळगावात फिरतो. तेव्हा कागदच बरा. आई म्हणाली, कोकिळाबाई वाट पाहून राह्यली, लिही.

ढाणकीला येऊन तीन महिने झाले. खोली चांगली आहे, पाणी दिवसाआड येतं. संस्थेनं मला आणि कपिलभाऊंना आसपासचे तांडे दिले आहेत. काम तुला माहीतच आहे. पोरींची लग्नं पंधरा-सोळाव्या वर्षी होतात आणि वर्ष फिरायच्या आत त्या पोटुशी राहतात, यावर गावात बोलायचं, गावाला बोलतं करायचं. आमच्या आधीच्या लोकांनी लखीराम तांड्यातल्या शाळेच्या भिंतीवर 'अठराच्या आत लग्न नको' असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. त्या भिंतीला पाठ टेकून बायका निवांत शेंगा फोडतात.

म्हणून आम्ही वेगळं काढलं. सोनी नावाच्या मुलीची गोष्ट. अर्धीच रेकॉर्ड करायची, नेमकी अडते तिथं थांबवायची, आणि रविवारी संध्याकाळी सेवालाल महाराजांच्या देवळाच्या भोंग्यावर लावायची. मग लोकांनी सांगायचं, पुढं काय व्हावं. ते सांगतील तसा पुढचा भाग. मावशी, तू असतीस तर खूश झाली असतीस! परवा सोनीला स्थळ आलं आणि आम्ही टेप बंद केली, तर नुसता कल्ला. एक आजी उठून म्हणाली, "पंधराची पोट्टी हाये ते! कायले घाई करून राह्यले? शिकू द्या तिले." आणि तांड्याचे नायक पूनमसिंग, जे एरवी मिशीतून हूं सुद्धा करत नाहीत, ते म्हणाले, "सोनीचं लगन आता नाही. लेकरू तर वीसच्या आत नाहीच." सगळ्यांनी माना हलवल्या. मी आणि कपिलभाऊ परत येताना गाडीवर गाणी म्हणत आलो.

सोनीचा आवाज खुशीचा आहे. रामसिंग राठोडांची मुलगी, सोळा वर्षांची, यंदा अकरावीला ढाणकीच्या कॉलेजात जाते. काय आवाज आहे म्हणून सांगू. हल्ली रोज संध्याकाळी तिची आजी शकुबाई आणि दोन म्हाताऱ्या तिला जुनी गाणी शिकवतात. लांबलांब हेल काढून, मध्येच एकमेकींच्या गळ्यात पडून. मला एक शब्द कळत नाही, पण पाय तिथंच रेंगाळतात. पुढच्या भागात तिच्याकडून तेच गाणं घ्यावं म्हणते.

तब्येत सांभाळ. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
रुपाली

---

बाभुळगाव,
३० ऑगस्ट

रुपा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्या गाण्याच्या ओळीशी थांबले.

ते गाणं नाही, बाई. तो ढावलो आहे. आमच्यात नवरी सासरी जाताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते ना, ते रडणं असंच वाटेल तसं नसतं. त्याला शब्द असतात, चाल असते. याडीसाठी, म्हणजे आईसाठी, वेगळा, बापासाठी वेगळा, भावासाठी वेगळा. ज्या मुलीला तो नीट येत नाही तिच्या आईला लोक नावं ठेवतात. म्हणून लग्न ठरलं की म्हाताऱ्या तिला बसवून शिकवतात. लग्न ठरलं की, रुपा. त्याच्या आधी कोणी शिकवत नाही. हौस म्हणून कुणी ते तोंडातसुद्धा आणत नाही, अशुभ मानतात.

तू तांड्यात रोज जातेस आणि तुझ्या सोनीचं लग्न सगळ्यांनी मोडलं म्हणून नाचतेस. तिकडं तुझ्या सोनीच्या आवाजाचं लग्न ठरलेलं आहे आणि ते सगळ्या तांड्याला माहीत आहे, तुला सोडून.

गाणं रेकॉर्ड करायचं तर नावच काढू नकोस. आधी नीट चौकशी कर. ओरडू नकोस. पोस्टाची वाट पाहवत नाही म्हणून यवतमाळला येऊन हे पाकीट उमरखेडच्या गाडीवर कंडक्टरकडं देते आहे. तुझा कपिलभाऊ उमरखेडहून घेईल असं समजते.

कोकिळामावशी

---

ढाणकी,
५ सप्टेंबर

मावशी,

खरं आहे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. मुलगा पैनगंगेपलीकडच्या तांड्यातला, एकोणीस वर्षांचा. म्हणजे त्याचंही वय बसत नाही.

मी खुशीच्या आईकडं गेले. ती सोयाबीनमध्ये निंदत होती, मान वर केली नाही. मी म्हटलं, काकू, परवा तर तुम्हीच म्हणालात ना, सोनीचं लग्न नको? तर म्हणाली, "ते सोनीचं होतं, बाई." एवढंच. जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं.

मग शकुबाई भेटली. तिनं तरी बसायला पोतं टाकलं. म्हणाली, "दसरा-दिवाळी झाली का आमी समदे ऊस तोडाले जातो. रामसिंग, त्याची बायको, मी बी. मी तिथं लहान्या लेकरायले पाहतो. घरी कोन राह्यते? कोनी नाही. एवढी मोठी पोट्टी कोनाच्या भरोशावर ठेवू? तिकडं पाचटाच्या कोप्यात नेलं, तर रात्री कोप्याले दार नसते, बाई. लगन लावून देलं तर नवऱ्यासंग जाईन. मुकादमाले बी जोडीच पायजे, एकट्या मानसाले कोयत्याचं काम भेटत नाही." मी ऐकून घेतलं. मग चिडले. मागच्या हंगामात इथलीच निकिता अशीच लग्न लावून गेली होती. परत आली तेव्हा सातवा महिना, रक्त सहा. सतराव्या वर्षी बाळंत झाली, बाळ अजूनही मुठीएवढं दिसतं. त्याच निकिताच्या दारावरून शकुबाई रोज पाण्याला जाते!

खुशीला विचारलं, तुला काय वाटतं? तिनं ओढणीचं टोक चावत सांगितलं, "ताई, याडी रडते. मी नाही म्हनलं तर ते कुठं जाईन?"

मला १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करायचा आहे. आत्ताच. कायदा आहे, लग्न थांबेल. कपिलभाऊ म्हणतात, थांबेल आणि मग तांड्यात आपल्याशी कुणी बोलणार नाही, आणि लग्न चार दिवसांनी नदीपलीकडं गुपचूप लागेल. मला झोप येत नाही. या लोकांनी माझ्या तोंडावर खोटं सांगितलं, असं सारखं वाटतं. तू सांग. पण लवकर सांग.

रुपाली

---

बाभुळगाव,
१० सप्टेंबर

रुपा,

कोणी खोटं बोललं नाही तुझ्याशी. आधी तो राग काढून टाक.

तुझा माझ्या कानांवर फार जीव आहे, सारखी मशीन घे म्हणतेस. तुला वाटतं वयानं गेले. उजवा वयानं गेला. डावा गेला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. पंधराव्या वर्षी लग्न, पुढच्या वर्षी बाळंतपण, तीन दिवस कळा, मग ताप. ताप उतरला तेव्हा बाळ नव्हतं आणि एका कानात नुसता वारा वाजत होता. मुलगा होता म्हणतात. मला दाखवला नाही. सासरच्यांनी बहिरी म्हणून परत पाठवली, आणि माझ्या बापानं लाज सोडून मला पुन्हा शाळेत घातलं, म्हणून मी नर्स झाले. नाहीतर तुझ्या आईची आणि माझी ओळख झाली नसती. हे मी तुझ्या आईला, कौसल्येलाही, कधी सांगितलेलं नाही. 

एवढं झालं, तरी माझी याडी मला त्रास द्यावा म्हणून लग्न लावून मोकळी झाली नव्हती. तिला भीती होती. त्या भीतीबद्दल तिला कधी कुणी विचारलं नाही.

आता मला एक सांग. तुझ्या गोष्टीतल्या सोनीचे आईबाप दसऱ्यानंतर कुठं जातात? तू लिहिलं नाहीस, कारण ते कुठंच जात नाहीत. गोष्ट यवतमाळच्या ऑफिसात पंख्याखाली बसून लिहिलेली. तुझ्या सोनीचा बाप बारमाही घरी असतो, आई संध्याकाळी भाकरी करते. अशा घरातली पोरगी कोण लग्न लावून घालवील? तांड्यानं बरोबर उत्तर दिलं. प्रश्न दुसऱ्याच कुणाचा होता.

बदल गोष्ट. सोनीच्या दारापुढं ऊसतोडीचा ट्रक उभा कर आणि मग विचार.

फोन कर म्हणशील तर नंबर जवळ ठेव. हळद लागायची वेळ आली तर माझी वाट पाहू नकोस. पण त्याच्या आधी एकदा त्यांना खरा प्रश्न विचारून बघ.

मावशी

---

ढाणकी,
२३ सप्टेंबर

मावशी,

तुझं पत्र मी उशीखाली घेऊन झोपले.  भेटल्यावर नुसती बसून राहीन तुझ्याजवळ.

नवा भाग परवाच्या रविवारी लावला. आवाज खुशीचाच. मी तिला म्हटलं होतं, नको करूस, दुसरं कुणी करेल. ती म्हणाली, मीच करते. सोनीची आई अंथरूण बांधते, कोयत्यांना धार लागते, तांड्याच्या टोकाला ट्रक येतो. सोनी विचारते, "याडी, तुमी गेल्यावर मी कुठं राहू?" आणि टेप बंद.

एरवी दंगा होतो. त्या दिवशी कुत्रं भुंकलं तेवढंच.  पूनमसिंग म्हणाले, आज राहू द्या. तेवढ्यात मागून निकिता उठली, कडेवर बाळ. म्हणाली, "माह्या वेळी बी हेच म्हनले होते. कोनाच्या भरोशावर ठेवू. मंग ठेवलं ना नवऱ्याच्या भरोशावर! तो बी पोरगंच होतं. मी फडात मोळ्या वाहत होती सातव्या महिन्यापर्यंत. कोन होतं भरोशाले?" तिची सासू तिला खाली बसवायला ओढत होती, ती बसली नाही.

मग जे सुरू झालं ते भांडणच. माझी पोरगी तू ठेव, तुझी मी का ठेवू, मागच्या वर्षी त्या पोरीचं असं झालं तेव्हा कोण होतं, तुझा पोरगाच तर तिच्या मागं फिरत होता. पहिल्यांदा मला खरं बोलणं ऐकू आलं. रामसिंग मध्येच उठून निघून गेले. पागोट्याचं टोक तोंडावर धरून.

मला वाटलं, झालं काहीतरी. पण आज सकाळी तांड्यात गेले तर खुशीच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, रामसिंग पहाटेच तिला मोटारसायकलवर बसवून पुलापलीकडं घेऊन गेला. नवे कपडे बोचक्यात बांधून. तिची आई शेतात होती. विचारलं तर, "मले मालूम नाही." डोळे सुजलेले. शकुबाईनं माझ्याकडं पाहून तोंड फिरवलं. लग्नाला दोन आठवडे होते ना! मीच घाबरवलं त्यांना, माझ्या ट्रकनं. आता गुपचूप उरकणार.

कपिलभाऊ म्हणतात, एक दिवस थांब, मी नदीपलीकडं कुणाला तरी विचारतो. एक दिवसात हळद वाळते, मावशी! हे पत्र दुपारच्या गाडीनं देते. ड्रायव्हर यवतमाळचा आहे, तुझा गोपाल स्टँडवरून घेईल. उत्तर उलट गाडीनं दे. घाईत लिहिलंय, अक्षर वाचता येतंय ना?

रुपाली

---

बाभुळगाव,
२४ सप्टेंबर

रुपा,

फोन कर.

नवे कपडे, कुलूप, आईचे सुजलेले डोळे. मला हे सगळं पाठ आहे. माझ्या वेळीही मामाच्या गावाला चाललो म्हणूनच नेलं होतं. विचार करत बसू नकोस, आत्ता कर.

मावशी

---

ढाणकी,
२८ सप्टेंबर

मावशी,

मी फोन केला. तिकडचे लोक लगेच निघाले, त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं.

रामसिंग तिला लग्नाला घेऊन गेलेच नव्हते. नदीपलीकडं त्यांची बहीण असते. तिच्याकडं खुशीला हंगामभर ठेवायला नेलं होतं. नवे कपडे म्हणजे सहा महिन्यांचे कपडे. त्याच दिवशी ते मुलाच्या घरी गेले, आणि दोन वर्षं थांबा म्हणून हात जोडून आले. रविवारी पागोट्यात तोंड लपवून उठले ते यासाठी. बायकोलाही सांगितलं नव्हतं, मुलाकडचे काय म्हणतात ते कळेपर्यंत. म्हणून ती रडत होती.

आणि बहिणीच्या अंगणात पोलीस आणि ग्रामसेवक. खुशी शेळीला पाला टाकत होती. त्यांनी नीट विचारपूस केली, लग्न नाही हे पाहिलं आणि गेले. पण तोपर्यंत अख्खा तांडा गोळा झाला होता. बहीण भावाला म्हणाली, "पोलीस येनारी पोरगी माह्या घरी नको. माह्या बी लेकी हायेत." मुलाकडचे आता उलटले आहेत. लग्न लावायचं तर आत्ताच, नाहीतर आमची बदनामी भरून द्या, म्हणतात.

काल रामसिंग मला शाळेजवळ भेटले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुमी म्हनलं बोला. आमी बोललो. मंग पोलीस काहून आनले, बाई? एक डाव मले तर इचारायचं."  खुशी परत आली आहे. माझ्याशी बोलत नाही. भोंगा बंद आहे.

दसरा झाल्यावर तांड्याची नसाब, म्हणजे पंचायत, बसणार आहे, मलाही बोलावलंय. कपिलभाऊ म्हणतात, जाऊ नकोस, यवतमाळहून वरिष्ठांना बोलावू. मावशी, मला भीती वाटते. माझं काय करतील याची नाही. रागाच्या भरात ते खुशीचं लग्न लावून टाकतील याची. दोन वर्षं थांबायला तयार झालेला बाप होता, आणि मी त्याला मोडलं.

रुपाली

---

बाभुळगाव,
१ ऑक्टोबर

रुपा,

निम्मी चूक माझी लिही. तू एक दिवस थांबली असतीस, मी थांबू दिलं नाही. मला पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं कुलूप दिसत होतं, समोरचं दिसलं नाही. या वयातही ती मुलगी माझ्यात बसून आहे आणि ती घाबरली की मला काही सुधरत नाही.

पण असं समज, तो नेतच असता लग्नाला आणि तू फोन केला नसतास, तर आज काय लिहिलं असतंस मला?

नसाबला जा. वरिष्ठ-फिरिष्ठ नेऊ नकोस, एकटी जा, नाहीतर ते तुला कायम परकी समजतील. बायकांच्या बाजूला खाली बस. साडी नेस. विचारल्याशिवाय बोलू नकोस. माफी माग, पण फोन केल्याची नाही, त्या बापाला न विचारता केल्याची. दंड सांगतील. नसाब बसली की दंड होतोच, त्याशिवाय गोष्ट मिटत नाही आमच्यात. दंड भरला की तो माणूस पुन्हा तांड्याचा होतो, मग मागचं कुणी काढायचं नाही. म्हणून जो काही सांगतील तो कमी करा म्हणून घासाघीस करू नकोस. हो म्हण.

मी यायला निघणार होते. गुडघा सुजलाय.

मावशी

---

ढाणकी,
५ ऑक्टोबर

मावशी,

मी हो म्हणाले. आता काय करू ते सांग!

काल सकाळी देवळापुढच्या लिंबाखाली सगळे बसले. मी निकिताशेजारी बसले, तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. पूनमसिंगांनी आधी रामसिंगांना विचारलं, मग मला. मी तू सांगितलंस तशी माफी मागितली. मग ते म्हणाले, "बाई, दर रविवारी तुमी आमाले इचारता, पुढं काय व्हावं. आज आमी इचारतो. रामसिंगची पोरगी बहीन ठेवत नाही. पोलीस तुमच्या फोनवर आले. आता पोरगी कुठं राहीन?"

मी म्हटलं, हॉस्टेल. उमरखेडच्या हॉस्टेलची भरती जुलैतच संपलेली, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, कुणीतरी नातेवाईक. कोणी हसलंसुद्धा नाही. मावशी, चार महिने झाले मी या विषयावर बोलते, प्रशिक्षणं घेतली, तक्ते लावले. हा साधा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

माणसं बाजूला जाऊन बोलली. परत आल्यावर नायक म्हणाले, "दंड पैशाचा नाही. टोळी गेली का परत येईपर्यंत तुमी रामसिंगच्या घरात राहाचं. खुशीले सांभाळाचं. रामसिंगनं पोरगी अठराची होईपर्यंत लगनाचं नाव काढाचं नाही. मुलाकडच्यायचं मी पाहतो."

रामसिंगांनी शपथ म्हणून देवळाच्या पायरीवर हात ठेवला. मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी हो म्हटलं. लगेच मागून एक बाई उठली, "मंग माही बी ठेवा." तिच्या मागून आणखी दोघी. थांबा थांबा म्हणेपर्यंत चार पोरी माझ्या नावावर झाल्या.

कपिलभाऊ डोक्याला हात लावून बसलेत. संस्थेला पत्र लिहायचंय, शाळेच्या गुरुजींना भेटायचंय, नायकाच्या घरचे इथंच असतात, त्यांचा आधार आहे. पण मला माझ्या आईनं अजून एकटीला अमरावतीला जाऊ दिलेलं नाही! तिला तू सांग. मी सांगणार नाही.

खुशीनं जाताना एवढंच विचारलं, "तुमाले भाकर येते का थापता?"

रुपाली

---

लखीराम तांडा,
४ नोव्हेंबर

मावशी,

तुझी वाकळ आणि आईचं तीन पानी रागाचं पत्र, दोन्ही मिळालं. वाकळ अंगावर घेतली, पत्र अजून पुरं वाचलं नाही.

परवा सकाळी ट्रक गेले. अंथरुणं, भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं वर. शकुबाईला उचलून चढवावं लागलं. खुशीची आई लेकीला सोडेना. रामसिंग सगळ्यात शेवटी चढले. चढायच्या आधी माझ्यापाशी आले, म्हणाले, "आता तुमाले समजन, बाई, बापाले झोप काहून येत नाही." टोमणा नव्हता तो. माझी काळजी वाटून बोलले. ट्रक वळल्यावर तांडा इतका रिकामा झाला की मला नुसतं रडू आलं.

काल कॉलेजचा पहिला दिवस, दिवाळीनंतरचा. खुशीची गाडी साडेपाचला फाट्यावर येते. बाकीच्या तिघींना नायकाच्या घरी बसवून मी पावणेपाचपासून उभी. सहा वाजले, गाडी नाही. फोनला रेंज नाही. ऊन गेलं, तुरीत काही दिसेना. दोन मुलं मोटारसायकलवरून गेली, परत आली, माझ्याकडं पाहत पुन्हा गेली.  तिची आई मला काय विचारेल, मी काय सांगेन, हेच डोक्यात. आणि मावशी, त्या वेळी माझ्या मनात काय आलं, तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. लग्न लावून दिलं असतं तर बरं झालं असतं, निदान या वेळी कुठं आहे ते तरी माहीत असतं. हे मी मनात आणलं. मी, रुपालीनं.

साडेसहाला गाडी आली. टायर पंक्चर झालं होतं. खुशी उतरली ती भूक लागली म्हणतच. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. कुठं होतीस, उद्यापासून कॉलेज बंद, काही जायचं नाही कुठं.

ती रस्त्यावरून कडेला आली. मग हळूच म्हणाली, "ताई, आता तुमी बी?"

 तिच्या खांद्यावरची पिशवी मी घेतली आणि आम्ही तांड्याकडं चालू लागलो. आज ती पुन्हा कॉलेजला गेली आहे. चार वाजलेत. मी फाट्यावर जायला निघते आहे, म्हणून पत्र इथंच थांबवते.

रुपाली